शकूची किडनी आणि बाबांची कॅप्सूल

मांजराच्या रिपोर्टवर ‘किडनी’ आलं की आपण आधी गूगल उघडतो आणि मग घरातला औषधांचा डबा. मीही तेच केलं. थोडक्यात वाचले. म्हणजे मी नाही, शकू वाचली.

शकूच्या आजारपणाची पहिली खबर मला तिच्या लिटर बॉक्सनं दिली. ऐकायला घाण वाटेल, पण मांजर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, सकाळचा चहा आणि लिटर चाळणं हे आमचं रोजचं रुटीन. शूचे जे गोळे बनतात ते आधी लिंबाएवढे असायचे. फेब्रुवारीत ते संत्र्याएवढे व्हायला लागले. मी काय केलं असेल? लिटरच्या नव्या ब्रँडला शिव्या घातल्या. मग एका रात्री शकू बाथरूममधल्या बादलीत मान घालून पाणी पिताना दिसली. हिच्या वाटीतलं पाणी मी रोज जसंच्या तसं ओतून द्यायचे, आणि आता बाईसाहेब बादलीवर?

शकू म्हणजे शकुंतला. वय वर्षं तेरा. मी दहावीत असताना आमच्या साताऱ्याच्या घराच्या माळ्यावर सापडली. नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हा दोन बॅगा आणि ही टोपली घेऊन आले. त्यानंतर दोन नोकऱ्या आल्या-गेल्या, एक बॉयफ्रेंड आला-गेला, तीन फ्लॅट बदलले. शकू होती तिथेच, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर.

आमच्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या. फार बोलत नाहीत. रिपोर्ट वाचताना त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. क्रिएटिनिन ३.४. एसडीएमए २७. बीपी १७५. वजन तीन किलो शंभर ग्रॅम, गेल्या वर्षीपेक्षा सहाशे ग्रॅमनं कमी.

“क्रॉनिक किडनी डिसीज. स्टेज थ्री,” मॅडम म्हणाल्या. “एकूण चार असतात.”

मला शाळेपासून चारपैकी तीन म्हटलं की पंचाहत्तर टक्के मार्क असंच ऐकू येतं. इथे गणित नेमकं उलटं होतं. क्रिएटिनिन नावाचा हा आकडा फार उशिरा बोलतो. तो नॉर्मलच्या वर जाईपर्यंत किडनीची साधारण तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते. एसडीएमए त्याच्या आधी इशारा देतं, ही टेस्ट व्हेट्सना २०१५ पासून मिळायला लागली. मी शकूची ती आधी कधी करून घेतली होती? कधीच नाही. मी स्वतःचं व्हिटॅमिन डी दोनदा तपासून झालं होतं.

स्ट्रेस? हा तर आपलाच विषय!

मॅडमनी बरंच काही समजावलं. डाएट, बीपीची गोळी, फॉस्फरस, सलाईन. त्यातलं माझ्या डोक्यात एकच वाक्य राहिलं. “जी किडनी शिल्लक आहे तिच्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, त्यानं उरलेलंही खराब होत जातं.”

आता बघा, नेफ्रॉन, ग्लोमेरुलस वगैरे दहावीच्या जीवशास्त्रासोबत विसरले. पण स्ट्रेस? स्ट्रेसवर मी आजवर आठ फीचर्स लिहिलीयत. आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हटलं की त्याचं उत्तर तर आपल्याला जाहिरातींनी पाठ करून दिलंय. ग्रीन टीच्या डब्यावर तेच, फेसक्रीमच्या ट्यूबवर तेच, डार्क चॉकलेटच्या रॅपरवर तेच. अँटिऑक्सिडंट! ऑक्सिडेटिव्हच्या विरुद्ध अँटिऑक्सिडंट. दोन अधिक दोन चार. मास कॉमचा मास्टर्स उगाच नाही केला.

त्या वीकेंडला साताऱ्याला गेले. बाबांना बारा वर्षांपासून डायबिटीस. तळपायांना मुंग्या येतात म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी एक कॅप्सूल दिलेली आहे. तुमच्याही घरात असेल, मिथाइलकोबालामिन आणि सोबत अल्फा लिपोइक अॅसिड १०० मिलिग्रॅम. पट्टीच्या मागचं वाचून मी गूगल केलं. ‘पॉवरफुल अँटिऑक्सिडंट’, ‘पाण्यातही विरघळतो आणि चरबीतही’, ‘शरीरातलं ग्लुटाथायोन वाढवतो’. मला तर लॉटरीच लागली.

“ने गं बाळा,” बाबा म्हणाले, “माझ्याकडे दोन पट्ट्या आहेत. माझ्या पायाला चालते तर मांजरीला काय होतंय.”

रविवारी रात्री पुण्यात परत आल्यावर मी एक कॅप्सूल टाचणीनं फोडली आणि शकूच्या आवडत्या ट्यूना पाऊचमध्ये कालवली. शकूनं वाटीपाशी येऊन वास घेतला, मागच्या पायांवर बसली, आणि पंजानं फरशी खरवडून ती वाटी ‘पुरायला’ लागली. म्हणजे तिच्या दृष्टीनं ते अन्न नव्हतंच, शी होती. मी रागावले. दोनशे रुपयांचं पाऊच! तेवढ्यात काय वाटलं कुणास ठाऊक, पट्टीचा फोटो काढून मॅडमना व्हॉट्सअॅप केला. ‘हे रोज एक देऊ की अर्धी?’

अर्ध्या मिनिटात फोन. रात्री साडेदहाला.

“किती खाल्ली तिनं?”

“नाही खाल्ली. नाटकं करतीय.”

“चाटली?”

“नाही.”

“ती वाटी आत्ता फेकून दे. साबणानं धू. आणि उद्या मला भेट.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्याकडून एक भागाकार करून घेतला. शंभर मिलिग्रॅम भागिले तीन पूर्णांक एक किलो. बत्तीस. मांजरांवर २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात किलोला तीस मिलिग्रॅम अल्फा लिपोइक अॅसिड दिल्यावर त्यांच्या यकृतावर आणि मेंदूवर विषारी परिणाम दिसले होते. त्या पेपरच्या शीर्षकातच लिहिलंय की माणसं, कुत्री आणि उंदरांच्या मानानं मांजरांना हे दहापट जास्त विषारी आहे. लाळ गळणं, तोल जाणं, फिट्स. म्हणजे बाबांच्या पायाच्या मुंग्यांवरची एक कॅप्सूल, एकच, शकूसाठी तीसच्या त्या रेघेपलीकडे होती.

मी गप्प बसून राहिले. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “शकू तुझ्यापेक्षा शहाणी आहे.”

चौघांचं काम एकावर

मग मात्र मी नीट समजून घ्यायचं ठरवलं. हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा फंडा आहे तरी काय?

आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची इंजिनं असतात. ती ऑक्सिजन वापरून इंधन जाळतात आणि जाळताना थोडा धूर निघतोच. हा धूर म्हणजे ऑक्सिजनचे भडक डोक्याचे रेणू. ते जवळ सापडेल त्याला, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या चरबीला, प्रोटीनला, डीएनएला डसतात. शरीराकडे धूर टिपून घेणारी व्यवस्थाही असते. ग्लुटाथायोन हा त्यातला मुख्य सफाई कामगार. धूर आणि सफाई यांचा मेळ असेपर्यंत सगळं ठीक. मेळ बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं.

किडनीतच हे इतकं का? कारण किडनी हा भयंकर कामसू अवयव आहे. आकारानं एवढीशी, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळपास पाचवा हिस्सा तिच्याकडे जातो. गाळलेल्या पाण्यातून कामाचं ते सगळं परत ओढून घ्यायला तिच्या नळ्यांमधल्या पेशींना प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून तिथे इंजिनांची गर्दी. माणसाच्या एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या, असतात. मांजराच्या किडनीत सुमारे दोन लाख.

आता तुमच्या ऑफिसात या. चौघांची टीम आहे. कॉस्ट कटिंगमध्ये तिघांना नारळ मिळतो. टार्गेट तेच राहतं. उरलेला एकटा सकाळी आठ ते रात्री अकरा राबतो, आणि बॉस म्हणतो, बघा, काम अडलं का कुठे? नाही अडत. सुरुवातीला तर रिपोर्टही चकाचक येतात. क्रिएटिनिन नॉर्मल! पण तो एकटा आतून संपत असतो. शिल्लक नेफ्रॉन नेमकं हेच करतात. प्रत्येक जण जास्त गाळतो, जास्त ऑक्सिजन खातो, जास्त धूर सोडतो. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या जायबंदी झाल्यामुळे त्याला ऑक्सिजन पुरतही नाही. बीपी वाढवणारं अँजिओटेन्सिन नावाचं हार्मोन त्या धुरात आणखी भर घालतं. मग सूज, मग मऊ कामाच्या पेशींच्या जागी निबर, वणासारखा टिश्यू. एक नेफ्रॉन गेला की त्याचंही काम उरलेल्यांवर. मूळ दुखणं काय होतं, ते बहुतेक मांजरांत शेवटपर्यंत कळतच नाही, पण एकदा हे चाक फिरायला लागलं की स्वतःच्याच वजनानं फिरत राहतं.

बरं, हे फक्त किडनीपुरतं राहत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये किडनी विकाराच्या मांजरांचं रक्त निरोगी मांजरांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. आजारी मांजरांच्या रक्ताची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता कमी निघाली. पण गंमत म्हणजे ग्लुटाथायोनचं कामाला तयार असलेलं रूप, वापरून झालेल्या रूपाच्या मानानं, त्यांच्यात उलट जास्त होतं! म्हणजे सफाई खातं झोपलेलं नव्हतं. ते आधीच डबल शिफ्ट करत होतं.

मग अँटिऑक्सिडंट द्यावेत की नाही? अगदीच काही नाही असं नाहीये. २००६ च्या एका अभ्यासात किडनी कमजोर झालेल्या मांजरांच्या अन्नात व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा-कॅरोटीन घातलं, तेव्हा त्यांच्या डीएनएचं नुकसान कमी झालेलं दिसलं. म्हणून तर किडनीच्या मांजरांसाठी तयार मिळणाऱ्या बऱ्याच खाण्यांत असले घटक घातलेले असतात. पण डीएनएचा आकडा सुधारला म्हणजे मांजर जास्त जगलं असं होत नाही, आणि ते दाखवणारा पुरावा नुसत्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या बाजूनं अजून उभा राहिलेला नाही. शिवाय मांजर स्वतःच्या यकृतात व्हिटॅमिन सी बनवतं. वरून भरमसाट ओतलं की त्याचं ऑक्झलेट होतं आणि ते बाहेर कुठून जाणार? त्याच बिचाऱ्या किडनीतून.

“धूर पुसत बसू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “इंजिनवरचा लोड कमी कर.”

बोअरिंग औषधं

लोड कमी करणाऱ्या गोष्टी सांगते, पण आधीच सांगून ठेवते, त्यात एकही ग्लॅमरस नाही.

पहिलं, अन्न. फॉस्फरस कमी, प्रोटीन मोजकं पण चांगलं, ओमेगा थ्री जास्त. ब्रिटनमध्ये २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात किडनी डाएट खाणारी मांजरं निदानानंतर साधारण ६३३ दिवस जगली, न खाणारी २६४ दिवस. तिथे गटांची चिठ्ठ्या टाकून वाटणी नव्हती. दुसऱ्या गटात मुख्यतः ती मांजरं होती ज्यांनी ते खाणं तोंडालाच लावलं नाही, किंवा ज्यांच्या मालकांना ते जमलं नाही. म्हणून आकडा जरा जपून घ्यायचा. पण पुढे २००६ मध्ये अमेरिकेत रीतसर वाटणी करून प्रयोग झाला, त्यात साधं अन्न खाणाऱ्या मांजरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला दोन वर्षांत शरीरात विषारी द्रव्यं साठून गंभीर झटके आले. किडनी डाएटवाल्यांत एकालाही नाही.

हे वाचून मी उत्साहात किडनी डाएटची मोठी पिशवी आणली. शकूनं वास घेतला. फरशी खरवडली. पुरून टाकलं.

पुढचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड निगोसिएशन. पहिल्या आठवड्यात जुन्या खाण्यात एक चमचा नवं. मग दोन. किंचित कोमट करून, म्हणजे वास सुटतो. एक दिवस तिनं सगळंच नाकारलं तेव्हा मी जुनं पाऊच उघडून दिलं, कारण मॅडमचा नियम पक्का होता. चुकीचं खाल्लेलं चालेल, पण उपाशी राहिलेलं चालणार नाही. मांजर उपाशी राहिलं की यकृत बसतं. माझ्या फ्लॅटमेटनं या काळात माझ्याशी बोलणं कमी केलं होतं, कारण मी ऑफिस कॉलवरही ‘खा ना गं राणी’ म्हणत होते.

दुसरं, पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, कमी पाण्यात भागवायची सवय, शू घट्ट करायची कला. किडनी गेली की ती कला जाते. पाणी धरून ठेवता येत नाही, शरीर सुकतं, किडनीला रक्त कमी, ऑक्सिजन कमी, परत धूर. म्हणून घरात सहा ठिकाणी वाट्या. आणि आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन. हो, घरी. मी देते. हे लिहिताना माझा मलाच विश्वास बसत नाही. शाळेत इंजेक्शनच्या रांगेत चक्कर येऊन पडलेली मुलगी आहे मी.

तिसरं, बीपी. वाढलेलं बीपी उरलेल्या गाळण्यांवर हातोडे मारत असतं आणि एखाद्या सकाळी मांजर आंधळंही होऊ शकतं. शकूला अॅम्लोडिपिनचा छोटासा तुकडा चालू झाला. ते ऐकून बाबा जाम खूश. “अगं, हीच तर माझी बीपीची गोळी!” म्हणजे त्यांच्या डब्यातलं एक औषध शकूला लागू पडलंच. मात्र डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलं. हे वाक्य मी फोनवर त्यांना तीनदा ऐकवलं.

आईचा फ्रंट वेगळाच होता. तिला वाटतं मी शकूची उपासमार करतेय. पुण्याला आली की गुपचूप माशाच्या कालवणातला तुकडा धुऊन द्यायची. धुऊन काय होणार? वाटणातला कांदा-लसूण आत मुरलेला असतो. आणि कांदा-लसणाची करामत हीच की त्यातली द्रव्यं मांजराच्या लाल पेशींचं ऑक्सिडेशन करतात. मांजराचं हिमोग्लोबिन याला फार लवकर बळी पडतं, पेशी फुटतात, रक्त कमी होतं. किडनीच्या मांजराचं रक्त आधीच कमी व्हायला लागलेलं असतं. पॅरासिटामॉलचंही तेच. ती पचवायची यंत्रणा मांजराकडे जवळपास नाहीच, ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि आपण तापाला घेतो ती साधी पाचशेची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मी हे सगळं आईला शास्त्रोक्त समजावलं. ती म्हणाली, “अगं, पण तेरा वर्षं खातच होती की.”

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेरा वर्षं मीही लिटरचे गोळे न मोजताच चाळत होते.

मध्यंतरी जपानची एक गोष्ट हाती लागली. टोकियो युनिव्हर्सिटीत तोरू मियाझाकी नावाच्या संशोधकानं २०१६ मध्ये दाखवलं की किडनीच्या नळ्यांमधला मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला मदत करणारं एआयएम नावाचं प्रोटीन मांजरांच्या रक्तात असतं, पण ते दुसऱ्या एका मोठ्या प्रोटीनला इतकं घट्ट चिकटून बसतं की कामावर जातच नाही. २०२१ मध्ये कोरोनामुळे या कामाचा पैसा आटल्याची बातमी आली, आणि जपानमधल्या मांजरवेड्या लोकांनी वीस कोटी येनच्या वर देणग्या पाठवल्या. मी ते रात्री दोन वाजता वाचत होते आणि खरं सांगते, रडले. ओळखदेख नसलेली हजारो माणसं, प्रत्येकाच्या घरात एकेक शकू असणार.

तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. क्रिएटिनिन ३.१, बीपी १५०, वजन तीन किलो दोनशे ऐंशी. मॅडमनी चष्मा कपाळावर नेला नाही, एवढं मला पुरलं. “हे बरं होणं नाही,” त्यांनी बजावलं. “हे थांबणं आहे. किती दिवस थांबेल ते मला विचारू नकोस.” मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी बाबा पुण्यात होते. सलाईनची बाटली एरवी मी पडद्याच्या रॉडला अडकवते. या वेळी त्यांनी ती हातात उंच धरली. शकू त्यांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली, कान मागे, चेहरा सातारच्या म्हाताऱ्या मामलेदारासारखा. मी मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई सरकवली.

“किती झालं?” बाबा.

“साठ.”

“किती द्यायचंय?”

“शंभर.”

“हात दुखतोय गं.”

“धरा हो बाबा. चाळीसच राहिलंय.”

त्यांनी हात बदलला आणि बाटली धरून ठेवली. सोमवारी सकाळी लिटर चाळलं. दोन गोळे, संत्र्याएवढे. फोनमधल्या वहीत लिहून ठेवले.